जुन्या पुलांचा अडसर

भातसा धरणातून पाणी सोडण्याची वेळ आली, की प्रशासनाच्या इशाऱ्यात शहापूर-मुरबाड रस्त्यावरील सापगावचे नाव हमखास असते. ७ जुलै २०२४ रोजी शहापुरात भारंगी नदीला पूर आला, वस्तीत पाणी शिरले आणि वाहने वाहून गेली. अशा वेळी नदीपात्रातील जुन्या, ठेंगण्या पुलांकडे बोट दाखवले जाणे स्वाभाविक आहे.

त्यात तथ्यही आहे. जुन्या पुलांचे गाळे अरुंद आणि खांब जाड असतात. पुरात वाहून आलेली झाडे-झुडपे त्यांत अडकली, की पूल बांधासारखा पाणी अडवतो. मग फुगवट्याचे पाणी वरच्या बाजूच्या शेतांत आणि घरांत पसरते. शेजारी उंच पूल उभारूनही जुना तसाच ठेवला, तर रस्ता सुरू राहतो. गाव मात्र बुडते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने मिठी नदीच्या संदर्भात पुलांच्या अडथळ्याचा मुद्दा मांडला होता. ग्रामीण ठाण्यातील नद्यांनाही तोच न्याय लागू पडतो.

तथापि, पूल पाडणे हा रामबाण उपाय नव्हे. भातसा काळूला आणि काळू उल्हासला मिळते. उल्हासला पूर आणि खाडीला भरती असेल, तर खालच्या भागात पाणी ओसरण्यास वाटच उरत नाही. पात्रालगतची बांधकामे आणि धरणाचा विसर्ग हे प्रश्नही पूल हटवून सुटणारे नाहीत.

शिवाय, काळू आणि शाई नद्यांच्या खोऱ्यांतील पाड्यांना एखादा ठेंगणा पूल वा साकव हाच दवाखान्याचा, शाळेचा आणि बाजाराचा मार्ग असतो. पर्याय न देता तो तोडणे म्हणजे पुराऐवजी एकाकीपण पदरी टाकणे होय. उलटपक्षी, धोकादायक पूल नुसते उभे ठेवण्याची किंमत १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरील कुंडमळा येथे चार जणांनी प्राण देऊन मोजली.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी पर्यायी पूल, नंतर पाडकाम. आणि तेही केवळ वरचा भाग काढून नव्हे, तर खांब, भराव व राडारोडा पात्राच्या तळापर्यंत हटवून. या कामाचा खर्च नव्या पुलाच्या निविदेतच धरला, तर जुना पूल ‘नंतर पाहू’ म्हणून पात्रात राहणार नाही. नदीला वाट मोकळी करून देताना माणसांची वाट बंद होणार नाही, याची हमी शासनानेच द्यायला हवी.