हक्क ग्रामसभेचा, परवाना कुणाचा?

गडचिरोलीत वकिली करताना दोन कायदे मला रोज भेटतात. एक 1927 चा भारतीय वन अधिनियम, दुसरा 2006 चा वनहक्क कायदा. पहिला परक्या सरकारचा, दुसरा आपल्या संसदेचा. पण दुसरा आला म्हणून पहिला गेला नाही. इंग्रज गेलेल्या आशिया-आफ्रिकेतल्या कित्येक देशांत हेच झालं. जंगल मुळात सरकारचं, हे गृहीत धरणारे कायदे स्वातंत्र्यानंतरही जागेवरच राहिले.

याचा अर्थ काय होतो, ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं भोगलं आहे. या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. नव्या कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला, म्हणजे तो ग्रामसभेचा. जुन्या कायद्यात मात्र बांबू झाडांत मोडत होता आणि झाडं वन खात्याची. बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्यांचं पुस्तक खात्याच्या कपाटात. अखेर एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. स्वतःचा बांबू विकण्यासाठी गावाला दिल्लीहून मंत्री यावा लागला! मेंढ्याकडे देवाजी तोफांसारखा गावातलाच नेता होता, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ होती, वर्षानुवर्षं अभ्यास करणारी ग्रामसभा होती. ज्या गावांकडे यातलं काहीच नाही, त्यांनी कुणाची वाट पाहायची?

वनहक्क कायद्याची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट त्याच्या नियमांत आहे. वडीलधाऱ्यांचा जबाब तिथे पुरावा म्हणून चालतो. देवराई, जुनं मसण, गुरं चारायची जागा, हेही पुरावे. ज्यांच्या नावावर सरकारनं कधी कागदच केला नाही, त्यांच्याकडे कागद मागायचा नाही, एवढी समज आपल्या कायद्यात पहिल्यांदा आली. एका गावात वनहक्काच्या दाव्याची फाइल करताना एक आजी कंद खणायच्या जागा, पाणवठे, देवाची झाडं ओळीनं गोंडीत सांगत होत्या, नातू मराठीत सांगत होता आणि मी लिहून घेत होते. नंतर त्याच फाइलवर दावे तपासणाऱ्या वरच्या समितीचा शेरा पडला : ‘पुरावा अपुरा’. दावा फेटाळताना कारणं लेखी द्यावीत, असं नियम सांगतो. इथे दोन शब्दांत काम उरकलं होतं. कायदा बदलला, त्याची अंमलबजावणी करणारा हात 1927 मध्येच राहिला.

वनहक्क कायदा विकासाच्या आड येतो, असं शहरात वारंवार ऐकायला मिळतं. माझा अनुभव उलटा आहे. बांबूचा आणि तेंदूपत्त्याचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला की तो कुठे खर्चायचा, हे गाव बसून ठरवतं. याहून खरा विकास मी पाहिलेला नाही.

पण हा पैसा यायचा तर माल विनाअडथळा गावाबाहेर जायला हवा. वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार 1927 च्या कायद्याच्या कलम 41 नं राज्य सरकारलाच दिला आहे. ग्रामसभेनं दिलेला परवाना हाच अंतिम, तो दाखवल्यावर कोणत्याही नाक्यावर गाडी अडवता येणार नाही, असं त्या नियमांत निःसंदिग्ध लिहा आणि पाळा. त्यासाठी मुंबईला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.