चौकातील सेकंदांचे अर्थकारण

मे महिना लागला की अकोल्याचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अमरावतीही फारशी मागे नसते. अशा भर दुपारी चौकात तांबडा दिवा लागतो. आडव्या रस्त्यावर चिटपाखरूही नसते, तरी सायकलवरच्या कारकुनाने उन्हात तिष्ठत राहावे अशी अपेक्षा असते. तो क्षणभर थांबतो, इकडेतिकडे पाहतो आणि निघून जातो. मग नागरिकांच्या बेशिस्तीवर प्रवचने झडतात. परंतु त्या दिव्याने तितके सेकंद तांबडे राहावे हे कोणत्या मोजणीवरून ठरले, हा मूळ प्रश्न कोणी विचारीत नाही.

वस्तुतः या प्रश्नाचे शास्त्र जुने आहे. वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाने 1958 साली त्याचे सूत्र मांडले. इंडियन रोड्स काँग्रेसनेही 1985 साली सिग्नलविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सूत्राचे मर्म सोपे आहे. दिवे बदलताना प्रत्येक आवर्तनात काही सेकंद कोणाच्याच कामी येत नाहीत. हा अपव्यय 10 सेकंदांचा धरला आणि चौकावर क्षमतेच्या निम्मा भार असला, तर योग्य आवर्तन 40 सेकंदांचे येते. भार पाऊणपट झाला की तेच 80 सेकंदांचे होते. म्हणजे संध्याकाळी सहाला राजकमल चौकासारख्या गजबजलेल्या ठिकाणी जे आवर्तन न्याय्य, तेच दुपारी दोनला अन्यायाचे ठरू शकते. हिरवा वेळही दोन्ही रस्त्यांना सारखा नव्हे, तर त्यांच्यावरील भाराच्या प्रमाणात वाटावयाचा असतो. दुर्मिळ साधनाचे वाटप म्हणतात ते हेच.

उन्हाळ्यात दुपारी सिग्नल बंद ठेवण्याचा उपाय नागपुरात योजला गेला आहे. हेतू चांगला असला, तरी त्यात पादचारी वाहनांच्या मर्जीवर सोडला जातो. 15 मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला 1.2 मीटर या सामान्य गतीने ओलांडण्यास साडेबारा सेकंद लागतात; सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या वृद्धेला सुमारे 19. अमरावतीच्या इर्विन चौकालगत जिल्हा रुग्णालय आहे. अशा ठिकाणी दोन्ही रस्त्यांना 19 सेकंद राखावयाचे, तर आवर्तन 40 ऐवजी 50 सेकंदांचे करावे लागेल. तरीही ते 80 पेक्षा पुष्कळ कमी. दिवा विझविण्यापेक्षा त्याचा वेळ आटोपशीर करणे अधिक शहाणपणाचे, ते यासाठी.

आणखी एक गोष्ट. मोजणीत एस. टी. ची बस दोन-तीन मोटारींच्या बरोबरीची धरतात. परंतु तिच्यात चाळीस माणसे असतात. वातानुकूलित मोटारीतील एक मिनिट आणि उघड्या उन्हातील एक मिनिट यांची किंमतही सारखी नाही. हिशेब वाहनांचा न होता माणसांचा झाला पाहिजे.

यासाठी पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. घड्याळाप्रमाणे निरनिराळ्या वेळापत्रकांवर चालणारी नियंत्रक यंत्रे आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. उणीव आहे ती मोजणीची. महापालिकेने खांब उभारावेत, पोलिसांनी दंड करावा आणि सेकंदांची जबाबदारी मात्र कोणाचीच नसावी, ही स्थिती बदलली पाहिजे. अमरावती व अकोला येथील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात व दिवाळीपूर्वी, प्रमुख चौकांतील रहदारी मोजावी. सकाळ, दुपार व सायंकाळ यांची वेळापत्रके त्यावरून ठरवावीत आणि ती जाहीर करावीत.

सिग्नल पाळण्याचे कर्तव्य 1988 च्या मोटार वाहन कायद्याने नागरिकांवर घातलेच आहे. ते पाळलेच पाहिजे. पण निष्कारण थांबविणारा दिवा रोज कायद्याविषयीचा आदर झिजवीत असतो, आणि एकदा झिजलेला आदर दंडाच्या पावतीने भरून निघत नाही.