डाग पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटे

आजोबांनी पेढीच्या कमाईतून हौसेने आणलेला भदोहीचा लोकरी गालिचा सणासुदीला बैठकीत अंथरला जातो आणि नेमकी त्याच दिवशी कढीची वाटी कलंडते. घरातील कोणीतरी साबण व कढत पाणी घेऊन धावते आणि जोराने घासू लागते. गालिच्याची खरी हानी होते ती बहुधा कढीने नव्हे, या घाईने.

हळदीला साबण मानवत नाही. हळद व चुना एकत्र आले की लाल कुंकू होते, हे जुन्या गृहिणींना ठाऊक आहे. साबणातील क्षारही हळदीचा डाग तसाच तांबूस करतो. कढत पाण्याने व घासण्याने लोकर आटते, तिचे तंतू गुंततात. क्लोरीनयुक्त ब्लीच तर लोकरीचा नाशच करते.

म्हणून प्रथम सांडलेला पदार्थ चमच्याने अलगद उचलावा. नंतर पांढरे सुती फडके कडेकडून मध्याकडे दाबीत ओल टिपावी. वाटीभर थंड पाण्यात चमचाभर गाळलेला लिंबाचा रस घालून, त्यात पिळलेल्या फडक्याने पुन्हा टिपावे. शेवटी साध्या पाण्याने. हा प्रयोग आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावा. फडक्याला गालिच्याचा रंग लागला, तर तेथेच थांबून जाणकाराकडे न्यावे. उरलेली पिवळी झाक उन्हाने फिकी पडते, परंतु ऊन मूळ रंगही उडवते. तेव्हा ते बेतानेच द्यावे.

तुपाच्या डागावर पाणी घालू नये. टाल्कम पावडर पसरून काही तास ठेवावी व मऊ ब्रशाने झटकावी. पीठही तूप शोषते, पण त्याचे कण मागे राहून मुंग्यांना बोलावतात. जीवांची विराधना टाळू इच्छिणाऱ्या घराने त्यांना येण्याचे कारणच ठेवू नये.

ओला भाग दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा उचलून, पंख्याखाली पूर्ण वाळवावा. आत ओल राहिली तर खालचे सुती धागे कुजतात आणि वरून काहीच दिसत नाही.

ज्या मुलाच्या हातून वाटी कलंडली, त्याला रागावण्यापेक्षा त्याच्याच हाती फडके द्यावे. आजोबांचा गालिचा उद्या त्यालाच जपायचा आहे.