चित्र आलं, पण काम झालं का?

आमच्या कॉमन रूमच्या कोपऱ्यात एक धूड उभं आहे. फ्रिजएवढं उंच, कपाटाएवढं रुंद आणि ढकलायला चार पोट्टे लागतील एवढं जड. फर्स्ट इयरच्या मुलांना वाटतं, ही कॅरमचं सामान ठेवायची जागा असावी. तो खरं म्हणजे टीव्ही आहे, पन्नास इंची रिअर प्रोजेक्शन टीव्ही. एका माजी विद्यार्थ्यानं घरी नवा एलईडी घेतला आणि हा आठवणीनं होस्टेलला पाठवला. त्याची भावना चांगलीच होती. फक्त टीव्ही चालत नव्हता.

त्यावरून जेवणाच्या टेबलवर दोन पक्ष पडले. एक म्हणतो, "भंगारात द्या बे, आता मॅच मोबाईलवर दिसते." दुसरा म्हणतो, "आपण इलेक्ट्रॉनिक्सवाले आहोत, खोलून तर पाहू." मी दुसऱ्या पक्षाचा, पण एका अटीवर. ती अट काय आणि काहून, हे सांगायला हा लेख.

आधी हे यंत्र आहे तरी काय ते पाहू. साध्या जुन्या टीव्हीत एक पिक्चर ट्यूब असते. यात तीन असतात, लाल, हिरवी आणि निळी. प्रत्येक साधारण सात इंचाची. तिघींची चित्रं भिंगांतून जातात, मागच्या तिरक्या आरशावर पडतात आणि तिथून पडद्यावर एकमेकांवर बसतात. ती नीट बसली नाहीत तर माणसाला तीन रंगांच्या तीन सावल्या दिसतात. त्याला कन्व्हर्जन्स बिघडला म्हणतात. एवढ्याशा ट्यूबचं चित्र पन्नास इंचावर पसरायचं म्हणजे ट्यूब प्रचंड उजेडानं चालवावी लागते. त्यासाठी अॅनोडला तीस हजार व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागतो. ट्यूब तापते, म्हणून तिच्या तोंडाशी, भिंगाच्या आत, ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं थंड ठेवणारं द्रव भरलेलं असतं.

हा प्रकार आता संपला. सोनीनं डिसेंबर २००७ मध्ये या टीव्हीतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. शेवटपर्यंत टिकलेल्या मित्सुबिशीनंही २०१२ च्या डिसेंबरात थांबायचं ठरवलं. म्हणजे आमच्या कोपऱ्यातल्या धुडाला नवे सुटे भाग मिळणं कठीण. मग खोलायचं कशाला? शिकायला. तीन ट्यूब, हाय व्होल्टेज, ऑप्टिक्स, कन्व्हर्जन्सचे अॅम्प्लिफायर, सगळं एका पेटीत उघड्यावर पाहायला मिळतं. आजच्या एलईडीत दोन बोर्ड आणि एक पॅनेल, त्यात पाहण्यासारखं काय आहे?

आता अट. पण त्याआधी घरची गोष्ट.

माझे मोठे बाबा तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचे. डिप्लोमा नाही, डिग्री नाही, पण हात असा की लोक लांबून सेट घेऊन यायचे. एकदा एका गिऱ्हाईकाचा टीव्ही वीज कडाडली तेव्हा गेला. मोठ्या बाबांनी पॉवर सप्लाय दुरुस्त केला. त्यात मेन्सची बाजू आणि अँटेनाची बाजू यांच्यामध्ये बसणारा एक छोटा कॅपॅसिटर जळालेला होता. त्यावर २२२ लिहिलेलं, म्हणजे ०.००२२ मायक्रोफॅरड. दुकानात तो नव्हता. ड्रॉवरमध्ये १०४ चा सापडला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. लावला. चित्र झकास आलं. गिऱ्हाईक खूश, पैसे देऊन गेलं.

दोन दिवसांनी त्या घरातल्या वहिनी फरशी पुसता पुसता टीव्हीमागची अँटेनाची वायर सरकवायला गेल्या. ओला हात, ओली फरशी. जबरदस्त झटका बसला आणि त्या मागे फेकल्या गेल्या. नशीब, मागे गादी होती. वाचल्या. मोठे बाबा सायकलवर धावत गेले, सेट परत आणला, पैसे परत केले आणि त्यानंतर कितीतरी दिवस धड जेवले नाहीत.

आता आपण इंजिनिअरिंगवाले, गणित करून पाहू. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. कॅपॅसिटरमधून जाणारा प्रवाह म्हणजे व्होल्टेज गुणिले दोन पाय एफ सी. ०.००२२ मायक्रोफॅरडला जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअर येतो. एवढ्यानं बोटाला कळतही नाही. ०.१ मायक्रोफॅरडला तोच आकडा ७ मिलिअँपिअरच्या वर जातो. साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास माणसाला पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते. म्हणजे एका चुकीच्या कॅपॅसिटरनं त्या वहिनींना त्या रेषेच्या अगदी जवळ नेऊन ठेवलं होतं. हे गणित आपण फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये करतो, मार्क घेतो आणि विसरतो.

माझं म्हणणं इथे सुरू होतं. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे चित्र येणं. पंखा फिरला, कूलर चालला, गीझर तापला की काम झालं. पण "चालतं" आणि "हात लावायला सुरक्षित आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या बाबांच्या सेटचं चित्र शेवटपर्यंत उत्तम होतं.

कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे पहिल्या पानापासून लिहिलेलं असतं आणि तेच पान कोणी वाचत नाही. त्यात सांगितलेलं असतं की सर्किटच्या नकाशात ज्या भागांवर त्रिकोणातली खूण आहे, ते भाग तेवढ्याच मूल्याचे आणि तशाच प्रकारचे लावा. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा लावा, तांब्याची तार गुंडाळू नका. काढलेले प्लास्टिकचे पत्रे, आवरणं आणि वायर बांधायच्या पट्ट्या होत्या तिथे परत लावा. आणि सेट गिऱ्हाईकाला द्यायच्या आधी गळतीचा प्रवाह मोजा.

मोजायची रीत सोपी आहे. आधी थंड तपासणी. प्लग सॉकेटमधून काढायचा, त्याच्या दोन्ही पिना तारेनं जोडायच्या, सेटचं बटण चालू स्थितीत ठेवायचं. मग त्या पिना आणि बाहेरून हाताला लागणारा प्रत्येक धातूचा भाग यांच्यामध्ये रोध मोजायचा. अँटेनाचं तोंड, स्क्रू, ऑडिओच्या खोबण्या, काही सोडायचं नाही. बऱ्याच मॅन्युअलमध्ये किमान १ मेगाओमची अट असते. त्याच्या खाली आला की थांबायचं.

मग गरम तपासणी. १.५ किलोओमचा १० वॅटचा रेझिस्टर आणि त्याला समांतर ०.१५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घ्यायचा. त्याचं एक टोक धातूच्या भागाला, दुसरं चांगल्या अर्थिंगला. सेट चालू करायचा आणि रेझिस्टरवरचं एसी व्होल्टेज पाहायचं. ०.७५ व्होल्टच्या वर गेलं तर सेट नापास. ०.७५ भागिले १५०० म्हणजे ०.५ मिलिअँपिअर, तीच मर्यादा. नंतर दोन पिनांचा प्लग उलटा घालून पुन्हा मोजायचं. मोठ्या बाबांच्या त्या सेटवर हे केलं असतं तर मीटरनं दहा व्होल्टच्या आसपास दाखवलं असतं. सगळं सामान मिळून खर्च शंभर रुपयांच्या आत, वेळ पाच मिनिटं.

एक बारकी गोष्ट. जुन्या मॅन्युअलमध्ये अर्थिंग म्हणून पाण्याचा नळ धरा असं लिहिलेलं असतं. आता नळ बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या पाइपांचे आहेत. त्या नळाला तार लावून मोजाल तर मीटर शून्य दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. तो शून्य खोटा. म्हणून आधी अर्थिंग खरं आहे का ते तपासा. त्यात आपला रामटेकचा उन्हाळा. गडावर जा, अंबाळ्याच्या काठी जा, मे महिन्यात जमीन कशी भेगाळते ते दिसतं. माती सुकली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. गावातली जुनी माणसं उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात, ते उगीच नाही.

आता पेटीच्या आतलं. इथे मी स्वतःलाही बजावतो की आत हात घालणं हे विद्यार्थ्याचं एकट्याचं काम नाही. सेट बंद करून प्लग काढला तरी ट्यूबच्या अॅनोडवर चार्ज राहतो. एकदा डिस्चार्ज केल्यावरही थोडा परत येतो, म्हणून जाणकार दोनदा करतात. पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात. थंड ठेवणारं द्रव गळून बोर्डावर आलं असेल तर शॉर्ट होतो, आगही लागू शकते. ते ग्लायकॉल पोटात गेलं तर विषारी. आणि एक्स-रे. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सुमारे ९० हजार रंगीत टीव्हींतून मर्यादेपेक्षा जास्त एक्स-रे बाहेर पडत असल्याचं उघड झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यासाठी कायदा झाला. तेव्हापासून सेटच्या बाहेर पाच सेंटिमीटरवर तासाला ०.५ मिलिराँटजेन ही मर्यादा आहे. "टीव्हीच्या जवळ बसू नको," असं आई म्हणायची त्यामागे हाही इतिहास आहे. म्हणूनच या सेटमध्ये हाय व्होल्टेज वाढलं की सेट आपोआप बंद करणारं सर्किट असतं. "सेट सारखा बंद पडून राहिला" म्हणून ते सर्किट बायपास करणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो बिघाड नव्हता, तो राखणदार होता.

तर अट अशी. आतलं काम सरांच्या देखरेखीखाली, लॅबमध्ये, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर, किमान दोघांनी मिळून. आधी टॉर्च मारून द्रव गळलंय का ते पाहायचं. गळलं असेल तर तिथेच थांबायचं आणि सेट मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्राकडे पाठवायचा. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, भंगारवाल्यासमोर हातोड्यानं फोडायची वस्तू नाही ती. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत आणि नवे २०२३ च्या एप्रिलपासून. इंजिनिअरिंगच्या मुलांनी तरी ते पाळावेत.

कोणी म्हणेल, एका मेलेल्या टीव्हीसाठी एवढं पुराण कशाला? टीव्ही हे फक्त निमित्त आहे. आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं मरतात. पेपरमध्ये आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. लोखंडी बॉडी, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटात खुपसलेली. थंड हवा मस्त येते. म्हणजे चित्र आलं! मोठ्या बाबांचा सेट आणि हा कूलर यांत काय फरक आहे? फरक एवढाच की कूलरजवळ आपण रात्रभर झोपतो.

काही सर म्हणतील, विद्यार्थ्यांनी विजेच्या वस्तूंना हातच लावू नये. सर, तुमची काळजी खरी आहे. पण विद्यार्थी हात लावतातच. खोलीत इमर्शन रॉड आहे, इस्त्री आहे, तिसऱ्या हातचा कूलर आहे. हात लावायचाच आहे तर मीटर घेऊन लावू द्या. बाहेरून मोजण्यात धोका कमी आणि शिकण्यासारखं भरपूर आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. सेमिस्टरमध्ये एक शनिवार ठरवा. थर्ड इयरचे दहा जण, एक सर, एक मेगर, एक गळती मोजायची पेटी. कॉमन रूमपासून मेसपर्यंत आणि प्रत्येक खोलीतला कूलर तपासा. एक वही ठेवा. त्यात वस्तू, तारीख, आकडा आणि तपासणाऱ्याची सही. नापास वस्तूला लाल चिठ्ठी. जिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे तिथे तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का ते पाहा. उन्हाळा सुरू व्हायच्या आत हे झालं पाहिजे. एप्रिलमध्ये कूलर सुरू झाल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

मोठे बाबा आता दुकान चालवत नाहीत. पण त्यांच्या जुन्या टेबलाच्या खिळ्याला तो रेझिस्टर आणि कॅपॅसिटर अजून लटकलेला आहे, दोन टोकांना दोन चिमटे लावून. त्या घटनेनंतर त्यांनी एकही सेट त्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ दिला नाही. गिऱ्हाईक घाई करायचं, "चित्र तर आलं ना भाऊ, द्या आता." ते म्हणायचे, "थांब, काम अजून झालं नाही."

येत्या शनिवारी मी त्या धुडासमोर टॉर्च घेऊन उभा राहणार आहे. सरांना विचारलं आहे. सोबत यायचं असेल त्यानं यावं, चप्पल घालून यावं आणि हात कोरडे असावेत.