सुवासाची साक्ष

सात रस्त्यावर उभे राहून फळ डोळ्यांदेखत पिळून घेणाऱ्याला पुरावा समोरच मिळतो. तोच ग्राहक बाटलीबंद रस घरी नेतो, तेव्हा मात्र त्याला वेष्टनावरील चित्र, रंग आणि वास यांवरच विसंबावे लागते. पाणी, साखर, आम्ल, रंग आणि चार थेंब अर्क एवढ्या सामग्रीवर नाक फसते. अमेरिकेतील बीच-नट कंपनीने तान्ह्या मुलांसाठी सफरचंदाचा म्हणून विकलेला रस असाच बनावट निघाला. १९८७ साली तिला गुन्हा कबूल करून वीस लाख डॉलर दंड भरावा लागला.

नाक फसले तरी शास्त्राला फसविणे तितके सोपे नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीत रसातील सुगंधद्रव्ये बाष्परूपाने एका लांब, बारीक नळीतून जाताना एकमेकांपासून विलग होतात. यांतील कित्येक द्रव्यांची, डाव्या-उजव्या तळहातांसारखी, दोन रूपे असतात. रासबेरीतील अल्फा-आयोनोन निसर्ग जवळजवळ एकाच रूपाचे घडवितो. कारखान्यातील सामान्य कृतीत दोन्ही रूपे समसमान उतरतात. हे प्रमाणच लबाडी उघड करते.

सोलापूरला हा प्रश्न परका नाही. येथील डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावलाच आहे. डाळिंबाचा सुवास मुळातच मंद, म्हणून एकट्या वासावर निवाडा करता येणार नाही, हे खरे. परंतु त्यात द्राक्षरस मिसळला, तर द्राक्षात विपुल आणि डाळिंबात अत्यल्प असलेले टार्टारिक आम्ल चहाडी करते. रंगद्रव्यांची ठेवणही फळाफळाची निराळी असते.

मग उणीव कशाची? २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचे ४० वे कलम कोणाही ग्राहकाला शुल्क भरून तपासणी करून घेण्याचा हक्क देते; मात्र तसा मानस खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा, अशी अट घालते. शंका येते ती झाकण उघडल्यावर, आणि तोवर हक्क हातचा गेलेला असतो! मोहोरबंद बाटल्यांपुरती तरी ही अट रद्द व्हावी, सुगंधपरीक्षेची सोय सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात यावी आणि दोषी मालाची नावे जाहीर व्हावीत, अशी आमची मागणी आहे. भेसळीच्या प्रत्येक बाटलीने ग्राहक तर नाडला जातोच. परंतु ज्याच्या बागेने या जिल्ह्याला नाव दिले, त्या शेतकऱ्याचे मोलही तीच बाटली पाडीत असते.