नसलेली रेघ

पंचवटीत आलेल्या यात्रेकरूला सीतागुंफा आणि काळाराम दाखवता दाखवता लक्ष्मणरेषेची गोष्ट सांगितली जाते. नाशिककरांनी ती खुशाल सांगावी. तीर्थक्षेत्राला कथा लागतातच. माझी तक्रार साहित्याच्या वर्गाविषयी आहे. प्रेम आणि कर्तव्य यांतील संघर्षाचा नमुना म्हणून हा प्रसंग तिथे काढला जातो आणि 'सीतेने मर्यादा ओलांडली' या एका वाक्यात निकालात निघतो.

वाल्मीकींच्या अरण्यकांडात ही रेघ नाही. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने 1960 ते 1975 या काळात प्रसिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही नाही. तुलसीदासांच्या मानसात ती अरण्यकांडात येत नाही. पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला चार शब्द सुनावताना तिचा उल्लेख करते, एवढेच. 1987 साली सुरू झालेल्या रामानंद सागरांच्या मालिकेने मात्र ती घरोघरी अशी ठसवली, की मूळ प्रसंग उघडून पाहण्याची निकडच कुणाला वाटेनाशी झाली.

मूळ प्रसंग रेघेहून कितीतरी अवघड आहे. रामाची आज्ञा सीतेला नाही, लक्ष्मणाला आहे: हिला सोडून जाऊ नकोस. मृग मायावी आहे, हा मारीच असावा, असे लक्ष्मण आधीच बजावतो. पण रामही त्या मृगाला भुललेला आहे. मग रामाच्या आवाजात हाक येते. आता पाळायचे काय? रामाचा शब्द, की रामाची हाक? सीता हाकेच्या बाजूने उभी राहते आणि लक्ष्मण हलत नाही म्हटल्यावर त्याच्या हेतूवरच संशय घेते, त्याला भरताचा हस्तक ठरवते, जीव देण्याची धमकी देते. आज्ञाभंग तिने घडवून आणला, यात शंका नाही. तिच्या त्या बोलण्याचे समर्थन मी करणार नाही. पण अपराध असलाच तर तो त्या शब्दांत आहे, उंबऱ्याबाहेर पडलेल्या पावलात नाही. संन्याशाच्या वेषातल्या अतिथीला तिने आसन आणि पाणी दिले. आश्रमातल्या गृहिणीचे ते कर्तव्यच होते.

रेघ आली की हे सारे सोयीस्करपणे पुसले जाते. रामाचा मोह झाकला जातो. लक्ष्मण संरक्षणाची व्यवस्था लावून निघालेला, म्हणून निर्दोष ठरतो. आणि ते झोंबणारे शब्द उच्चारावेही लागत नाहीत. उरते ती न ऐकणारी बायको.

आणि न ऐकणे हाच दोष असेल, तर अयोध्याकांडाचे काय करायचे? राम तिला वनात येऊ नकोस म्हणून परोपरीने समजावतो. ती ऐकत नाही, उलट त्याच्या पौरुषावर बोट ठेवते, आणि अखेर रामच नमतो. तो नकार आपण पातिव्रत्याचा आदर्श म्हणून शिकवतो. सीता तीच, अवज्ञाही त्याच माणसाची, कारणही तेच: त्याच्याविषयीचे प्रेम. मग एक गौरवास्पद आणि दुसरी निंद्य का? केवळ दुसरीचा शेवट वाईट झाला म्हणून? हा न्याय नव्हे, निकालावरून मागे चालत येणे आहे.

खुद्द राम काय करतो, तेही पाहावे. वाटेत भेटलेल्या लक्ष्मणाला तो फैलावर घेतो: रागावलेल्या स्त्रीच्या बोलण्यावरून तू माझी आज्ञा मोडलीस, हे योग्य झाले नाही. (स्त्रीविषयीचा त्यातला सूर आज खटकतो, आणि खटकावाच.) पण जाब आज्ञा ज्याला दिली होती त्याला विचारला जातो. लक्ष्मण आपली बाजू मांडतो, सीता काय काय बोलली ते सांगतो. बचावाला रेघेइतका सोपा पुरावा दुसरा नव्हता. तो तिचा उच्चारही करत नाही.