आधी कोणाकडे गेला होतात?

मान खाली, नजर जमिनीवर, प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर. न्यूझीलंडमधल्या मनोविकार विभागात असा माओरी रुग्ण समोर बसला, की केसपेपरवर 'नैराश्य' लिहिण्याचा मोह होतोच. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले मनोविकारतज्ज्ञ परमिंदर सचदेव तिथे काम करत असताना त्यांनी या अवस्थेचा अभ्यास केला आणि १९९० साली त्यावर निबंध लिहिला. माओरी लोक तिला 'फाकामा' म्हणतात. हातून काही चुकले, चारचौघांत मान गेला, आपण कमी पडलो, या जाणिवेने माणूस मिटतो. घरच्यांनी जवळ घेतले, गेलेला मान परत दिला, की पुष्कळदा तो उमलतो. कधी मात्र याच मौनाआड खरेखुरे नैराश्य असते. एकट्या रुग्णाला कितीही प्रश्न विचारले तरी हा फरक कळत नाही. तो घरच्या माणसांकडून कळतो.

माओरी मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आरोग्याची मांडणी चार भिंतींच्या घराच्या रूपात केली: शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब. आपल्या प्रश्नावल्या यांपैकी पहिल्या दोनच भिंती तपासतात. शोकाचेच पाहा. माओरींच्या 'तांगीहांगा'त मृतदेह काही दिवस आप्तांमध्ये ठेवतात, लोक मोकळेपणाने रडतात, मृताशी थेट बोलतात. गेलेले माणूस पुढेही दिसले किंवा त्याची हाक ऐकू आली, तर घरच्यांना त्यात वावगे वाटत नाही. मनोविकारांच्या निदानपुस्तिकेने, २०१३च्या डीएसएम-५ने, नैराश्याच्या निदानातून शोकाचा अपवाद काढून टाकला. तेव्हापासून अशा घरात निदान करताना आपली जबाबदारी वाढली आहे.

पण परंपरेचे गोडवे गाऊन आपले भागणार नाही. माओरींचे जाणते वैद्य-पुरोहित म्हणजे 'तोहुंगा'. त्यांच्यावर १९०७ मध्ये कायद्याने बंदी आली. तिला माओरी डॉक्टर माउई पोमारे यांचाही पाठिंबा होता. आजाऱ्यांना थंड पाण्यात बुडवण्यासारख्या उपचारांनी माणसे मरताना त्यांनी पाहिली होती. त्यांची कळकळ खरी होती. तरीही १९६२ मध्ये बंदी उठेपर्यंत तोहुंगांकडे जाणे थांबले नाही, ते फक्त चोरून होऊ लागले. जाणत्यांची विद्या एका पिढीकडून दुसरीकडे उघडपणे जाणेही अवघड झाले. भीती मात्र शाबूत राहिली. २००७ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाता इथे २२ वर्षांच्या एका तरुणीचे वागणे बदलले. हा 'माकुतू', म्हणजे करणी, असे घरच्यांना वाटले. ती उतरवण्यासाठी नातलगांनीच तिच्यावर पाण्याचा मारा केला आणि त्यात ती बुडून मेली. तिच्यावर त्यांचे प्रेम होते, हे या घटनेत सर्वांत भयंकर आहे.

याच देशात डायना कोपुआ या माओरी मनोविकारतज्ज्ञांनी गिझबर्नमध्ये वेगळी वाट धरली. तिथे २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'ते कूवातावाता' सेवेत माओरी सृष्टिकथांच्या आधारे रुग्ण आणि कुटुंबाशी संवाद साधला जाई. वैद्यकीय तज्ज्ञ आणि परंपरेचे जाणकार एकाच खोलीत बसत. औषध नाकारायचे नव्हते; औषधाच्या आधी माणूस समजून घ्यायचा होता.

आपल्याकडे पालघर-नंदुरबारचा भगत आहे, मेळघाटात कोरकूंचा पडियार आहे. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखालची मारहाण गुन्हा ठरवतो, आणि तो हवाच. मात्र त्या कायद्याचा धाक दाखवून दवाखान्यात भगताचे नावच निघू द्यायचे नाही, हा आपल्यातल्या काहींचा खाक्या घातक आहे. नाव लपले, की त्याने दिलेल्या मुळ्या लपतात, उपास लपतात, चटकेही लपतात. म्हणून पहिल्याच भेटीत, आवाजात जरब न आणता, विचारा: आधी कोणाकडे गेला होतात, त्यांनी काय सांगितले, बरे वाटले का? उत्तर केसपेपरवर लिहा. तालुक्यातल्या भगतांना आरोग्य केंद्रात बोलवा, चहा द्या, त्यांचे ऐका. मग धोक्याच्या खुणा सांगा: जीव देण्याची भाषा, अन्नपाणी सुटणे, बाळंतिणीचे भलतेसलते बोलणे. आणि त्यांनी पाठवलेला रुग्ण दारात आला, तर 'इतके दिवस कुठे होतात' असे कोणी खेकसणार नाही, हे बाह्यरुग्ण विभागातल्या प्रत्येकाला, शिपायापासून वरिष्ठांपर्यंत, बजावून ठेवा.